तिसऱ्या रुग्णालयातली भुकटी

१

चोरी उघडकीला आली ती ताईच्या तापामुळे.

ताई एरवी आजारी पडणाऱ्यांतली नव्हे. विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं तपासायची आणि आग लागली की लावली ते सांगायचं, हा तिचा व्यवसाय. राखेत गुडघे टेकण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, आणि भल्याभल्या व्यापाऱ्यांची तिच्यासमोर त-त-प-प झाली होती. पण फ्लूने तिलाही आडवं केलं. हाडं ठणकत होती, डोकं उशीवरून उचलवत नव्हतं, आणि तरी ती पलंगावरून घरादाराला हुकूम सोडत होती. घरदार म्हणजे तरी कोण, मागच्या खोलीत राहणारा तिचा धाकटा भाऊ.

घरच्या डॉक्टरांनी एक नवंच औषध दिलं. गिळायचं नाही, ओढायचं. हातभर कौतुक छापलेल्या खोक्यात वीतभर प्लॅस्टिकची नळी, आणि चकाकत्या पत्र्याच्या टिकल्यांमध्ये बंद केलेली पांढरी भुकटी. टिकली खाचेत सरकवायची, कळ दाबून तिला भोक पाडायचं, नळी ओठांत धरायची आणि जोरात श्वास ओढायचा, की भुकटी थेट छातीत. डॉक्टर म्हणाले की हे अजून दुकानांत आलेलं नाही, पुढच्या आठवड्यात मोठ्या थाटात बाजारात येतंय, आम्हाला नमुने वाटलेत. ताईने नाक मुरडलं आणि ओढलं. ताप असा उतरला की तिला स्वतःचाच राग आला, इतके दिवस काढे कशाला पीत बसले म्हणून.

धाकटा पाण्याचा तांब्या ठेवायला आला आणि टेबलावरच्या नळीकडे बघून थबकला. या माणसाने बरीच वर्षं कशाला हात लावला नव्हता. एके काळी तो औषधांच्या भुकट्या बनवण्यात नावाजलेला होता. आता भाजी चिरून द्यायचा, रद्दी बांधायचा, आणि बोलायचा तो हो किंवा नाही एवढंच.

त्याने एक टिकली उचलली. नखाने पत्रा सोलून भुकटी काळ्या बशीत ओतली, बशी हळूच कलती केली, खालून टिचकी मारली. भुकटी सरकली, मध्येच थांबली आणि दोन वाटांनी फुटून पुन्हा सरकली. तो बराच वेळ बघत राहिला.

“ही माझी आहे,” तो म्हणाला.

“तुझ्यासारखी?”

“माझ्यासारखी नाही, ताई. माझी. तेवढीच दळलेली, तेवढीच दुधाची साखर मिसळलेली. जशीच्या तशी.”

खोक्यावर संशोधकाचा हसरा फोटो होता. धाकट्याने तो पाहिला, खोकं पालथं ठेवलं आणि आपल्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. ताई उशीला टेकून तशीच बसली. ज्या भुकटीने माणसं मारली म्हणून तिच्या भावाला हाकलून दिलं होतं, त्याच भुकटीने ती आज बरी झाली होती.

२

झालं होतं ते असं. औषधाची चाचणी तीन रुग्णालयांत घेतली. पहिल्या दोन ठिकाणी रुग्ण चटाचट उठून बसले. तिसरं रुग्णालय सगळ्यांत मोठं. तिथे औषध दिलेले आणि नुसती साखर दिलेले यांच्यात काडीचा फरक पडला नाही. तिथले काही रुग्ण, ज्यांना खरं औषध मिळालं होतं ते, दगावले. वापरलेल्या नळ्या परत आल्या तेव्हा त्यांत भुकटीच्या ओलसर गुठळ्या चिकटलेल्या होत्या.

मग बैठक बसली आणि खापर फुटलं ते धाकट्याच्या डोक्यावर. भुकटी कच्ची, ओल धरते, आणि हे माहीत असून त्याने ती पुढे रेटली, असं ठरलं. त्याचा जिवलग मित्र म्हणवणारा, नळी बनवणारा अभियंता, तोही मान खाली घालून म्हणाला की मी याला आधीच सांगितलं होतं. बैठक संपल्यावर माणसं एकेक करून उठली, कोणीही त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि धाकटा त्या लांबलचक टेबलाशी एकटा उरला. हे त्याने ताईला एकदाच सांगितलं होतं. ताईने मात्र ते रोज आठवून जपलं होतं. तिने डूख धरला होता, आणि आजवर दंश कोणाला करायचा ते कळत नव्हतं, एवढीच अडचण होती.

आता खोक्यावर त्या नळीवाल्या मित्राचा चेहरा होता. पण ताई धंद्यातली होती. शेवटी सगळा माल ज्याच्या पदरात पडला त्यानेच आग लावली असं समजणारे तपासनीस तिने तोंडावर पडताना पाहिले होते. तिची रीत वेगळी. तोच माल तीन गोदामांत असेल आणि पेटलं एकच, तर मालाला दोष देऊन भागत नाही. त्या एका गोदामात कोण येऊन गेलं ते विचारायचं.

अंगात पुरतं बळ यायच्या आत ती तिसऱ्या रुग्णालयात पोचली. फ्लूच्या वॉर्डात त्या वेळच्या मोठ्या सिस्टर अजून होत्या. जाडजूड चष्मा, करडा आवाज आणि हातात सतत काहीतरी घडी घालायचं काम. ताईने आपण कोण ते लपवलं नाही. सिस्टरांचा चेहरा उतरला, पण त्यांनी खुर्ची पुढे केली.

रुग्ण नळी कशी वापरायचे, ते दाखवा, असं ताईने सांगितलं आणि पिशवीतून भावाच्या सामानातली एक जुनी रिकामी नळी काढली. सिस्टरांना आठवावंही लागलं नाही. त्यांनी लुटुपुटूची टिकली सरकवली, कळ दाबली, नळी ओठांत धरली, तिच्यात जोरात फुंकर मारली, आणि मग श्वास ओढला.

“आधी फुंकायचं?” ताईने विचारलं.

“हो तर. नळी मोकळी व्हावी म्हणून. एकेका रुग्णाकडून मी घटवून घेतलं होतं. कोणी फुंकायला विसरला तर ओरडायचे मी.”

ताईला यात काही वावगं दिसलं नाही. पण पहिल्या दोन रुग्णालयांत तिने फोनवर चौकशी केली होती, आणि तिथे कोणी फुंकरीचा उल्लेखही केला नव्हता.

“हे तुम्हाला शिकवलं कोणी?”

सिस्टरांनी हातातली घडी बाजूला ठेवली. सांगावं की नाही, असं क्षणभर त्यांना झालेलं दिसलं.

“तुमच्या भावानेच,” त्या म्हणाल्या. “स्वतः आले होते ते.”

३

शिकवणी कधी झाली ते ताईने खोदून विचारलं, आणि मग तिला आठवलं. पहिली दोन रुग्णालयं धाकट्याने स्वतः शिकवली आणि तिसऱ्याच्या आदल्या दिवशी तो स्वतःच फ्लूने कोसळला होता. तेव्हा तो ताईच्याच घरी होता. तिने त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, आणि तापाच्या भरात तो तिला आई म्हणत होता.

“कसा दिसत होता तो?” तिने विचारलं.

सिस्टर गोंधळल्या. साथीचे दिवस, वॉर्डात येणारा प्रत्येक जण डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला. टोपी, डोळ्यांना गॉगल, तोंडाला मास्क, अंगावर पायघोळ झगा. नळी ओढून दाखवताना त्याने मास्क हनुवटीवर ओढला होता, तेवढंच. आवाज मास्कमधून सगळ्यांचा सारखाच येतो. बुवा की बाई हेसुद्धा नाव सांगितलं म्हणून कळलं.

“तोंड तेवढं दिसलं,” सिस्टर म्हणाल्या. “पण ते दिवसभर दिसलं. पुन्हा पुन्हा करून दाखवत होते ते.”

म्हणजे कोणीतरी भावाच्या नावाने येऊन गेलं होतं. भाऊ आजारी आहे आणि शिकवणीला जाणार नाही हे त्याने तिघांनाच कळवलं होतं. एक नळीवाला. दुसरा कंपनीचा जाहिरातप्रमुख, ज्याला सगळे गोडबोल्या म्हणत. तो तेव्हा फ्लूच्या गोळ्या विकायचा आणि ओढायच्या औषधाची टिंगल करायचा. तिसऱ्या, चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या डॉक्टरीणबाई. उंच, तुटक बोलणाऱ्या, आणि धाकट्याशी त्यांचं कधीच पटलं नव्हतं. तिघांनीही नंतर सांगितलं होतं की दुसरा कोणीतरी गेला असेल. आणि नंतर चौकशी करण्याची कोणाला गरजच वाटली नव्हती, कारण गुन्हेगार आयताच सापडला होता.

घरी येऊन ताईने भावाच्या दारावर थाप मारली. कडी निघाली. तिने काही प्रस्तावना केली नाही, एकच विचारलं, की ओढायच्या आधी नळीत फुंकलं तर काय होतं.

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला.

“आत फुंकलं? टिकलीला भोक पाडल्यावर?”

“हो.”

तो पलंगाच्या कडेवर बसला. श्वासात वाफ असते, तो हळूहळू सांगू लागला. आरशावर फुंकलं की धुरकटतो, तसंच. ती वाफ त्या भुकटीला लागली की दाणा दाण्याला चिकटतो, गुठळी होते आणि नळीलाच बसून राहते. मग कितीही जीव खाऊन ओढा, छातीत जाते ती नुसती हवा. म्हणून तो शिकवताना तोंड बाजूला वळवून श्वास सोडायला लावायचा. कारण सांगत बसायचा नाही, रुग्णाला कशाला घाबरवायचं म्हणून.

“मग त्या रुग्णालयात,” तो म्हणाला. “तिथे औषध कोणाच्या पोटात, छातीत, कुठेच गेलं नाही. ताई, ती माणसं औषधावाचून गेली.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती चोर शोधायला निघाली होती. आता तिला खुनी शोधायचा होता.

४

कंपनीत शिरायला तिला निमित्त शोधावं लागलं नाही. नव्या औषधाच्या साठ्याचा विमा तिच्याच कंपनीकडे होता आणि गोदाम पाहायचं काम तिने मागून घेतलं.

गोडबोल्या तिला गोदाम दाखवायला आला आणि सबंध वेळ बोलत राहिला. या माणसाला श्वास घ्यायची गरज भासत नसावी, असं ताईला वाटलं. त्याने तिला काचेच्या कपाटातली जुनी नळी दाखवली, चाचणीत पडली होती ती ही, असं डोळा मिचकावून सांगितलं, तिच्यावरची धूळ पुसली आणि तिला देण्याआधी सवयीने तिच्यात फूं करून फुंकर मारली. मग नवी नळी काढून म्हणाला की ही बघा, हिच्यात झडप आहे, जाहिरातीत आम्ही झडपेवरच जोर देणार. झडप कशासाठी, असं विचारल्यावर तो हसला. लोकांना नवं काहीतरी दिसावं लागतं, बाकी ते तांत्रिक मला कळत नाही, म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी तिला बसायलाही सांगितलं नाही. जुन्या चाचणीबद्दल विचारताच त्या ताठ झाल्या. परत आलेल्या नळ्या नीट तपासा असं मी तेव्हा म्हणाले होते, पण बैठकीला घाई होती, असं त्यांनी सांगितलं. रुग्ण नळी कशी धरतात ते कधी पाहिलंत का, असं ताईने विचारलं. नाही, त्या म्हणाल्या, ते सिस्टरांचं काम. आणि आत फुंकत असतील तर? डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या. फुंकले तर काय बिघडलं, असं त्यांनी विचारलं, आणि ताईने कारण सांगताच त्या खाली बसल्या. मग बराच वेळ त्यांनी ताईला जाऊ दिलं नाही. त्या दोघींत काय ठरलं ते पुढे येईलच.

नळीवाल्याची खोली वरच्या मजल्यावर, उजेडाची, नीटनेटकी. तो स्वतःही तसाच, मऊ बोलणारा. त्याने ताईसाठी चहा मागवला. कपाटावर नळ्यांच्या जुन्या-नव्या आवृत्त्या ओळीने मांडल्या होत्या. त्याने नवी नळी हातात घेतली, तोंड सभ्यपणे बाजूला वळवून श्वास सोडला, मग नळी ओठांत धरून ओढून दाखवली.

“ही झडप पाहा,” तो म्हणाला. “पातळ रबराची. श्वास ओढता येतो, उलटा नळीत सोडता येत नाही. रुग्ण अडाणी असतात हो, मध्येच आत फुंकतात. वाफेने भुकटीच्या गुठळ्या होतात. आता फुंका म्हटलं तरी फुंकता येणार नाही.”

“छानच,” ताई म्हणाली. “हे सुचलं कधी?”

“तिसऱ्या रुग्णालयाचा तो प्रकार झाला ना, त्यानंतर लगेच. चित्र काढून ठेवलं आणि योग्य वेळेची वाट पाहिली.”

“आणि भुकटी?”

“ती पार नवी आहे. जुनी कच्ची होती. माझा मित्र फार हुशार होता, पण घाई केली त्याने.” त्याने उसासा टाकला, आणि तो उसासासुद्धा नीटनेटका होता.

ताईने चहा संपवला, आभार मानले आणि ती दाराशी गेली. डोक्यात काहीतरी खटकत होतं, अजून पुरतं हाताला लागलं नव्हतं. तेवढ्यात मागून तोच मऊ आवाज आला.

“भावाला माझा नमस्कार सांगा. चेहरेपट्टी सारखीच आहे तुमची. आणि एक सांगू का, जुनी राख उकरण्यात अर्थ नसतो. काही सिद्ध होत नाही, आणि घरचं माणूस मात्र पुन्हा आजारी पडतं.”

ताई जिना उतरली. अर्ध्यावर ती थांबली, कठड्याला धरून उभी राहिली आणि मग तिला हसू आलं. ते काही प्रेमळ हसू नव्हतं. काय खटकलं होतं ते तिला कळलं होतं, आणि पुरावा तिच्या हातात त्यानेच, चहाबरोबर, आणून दिला होता.

५

औषध बाजारात आणण्याचा समारंभ मोठ्या सभागृहात होता. डॉक्टर होते, शहरभरच्या सिस्टर होत्या, वार्ताहर होते. व्यासपीठावर मालक, गोडबोल्या, डॉक्टरीणबाई आणि मध्ये नळीवाला. ताई पुढून दुसऱ्या रांगेत बसली. शेजारी तिसऱ्या रुग्णालयाच्या मोठ्या सिस्टर होत्या. ताईने त्यांना सगळं सांगितलं होतं आणि तेव्हापासून त्यांनी हातात घडीचं काम धरलं नव्हतं.

नळीवाल्याचं भाषण सुरेख झालं. टाळ्या ओसरल्यावर गोडबोल्याने प्रश्न मागवले आणि ताई उभी राहिली.

तिने पहिला प्रश्न साधाच विचारला. जुन्या औषधात आणि यात फरक काय? नळीवाला म्हणाला, भुकटी सुधारली आणि नळीला झडप लावली.

“भुकटी सुधारलेली नाही.”

हे ताई बोलली नव्हती. व्यासपीठावरून डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या. प्रत्येक घाण्यातला थोडा नमुना कुलपात राखून ठेवायचा अशी कंपनीची रीत होती, आणि जुन्या भुकटीचा नमुना अजून जागेवर होता. दोन्ही मी माझ्या हाताने तपासल्या, त्या म्हणाल्या. दोन्ही एकच आहेत. मालकांनी मान वळवून नळीवाल्याकडे पाहिलं.

“मग बदललं काय?” ताईने विचारलं. “फक्त झडप. आणि झडप काय करते, तर रुग्णाचा श्वास नळीत उलटा जाऊ देत नाही. ही झडप तुम्हाला तिसऱ्या रुग्णालयानंतर लगेच सुचली, असं तुम्ही मला स्वतः सांगितलंत.”

“हो. त्यात काय?”

“तिथले रुग्ण नळीत फुंकत होते हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

नळीवाला म्हणाला, वॉर्डातून कळलं असेल. मोठ्या सिस्टर बसल्या जागेवरून म्हणाल्या की आम्ही कोणाला सांगितलं नाही, कारण आम्हाला कधी कोणी विचारलंच नाही. तो म्हणाला, मग मला गुठळ्या पाहून अंदाज आला असेल.

“अंदाज आला होता,” ताई शांतपणे म्हणाली. “म्हणजे दोष भुकटीचा नाही, फुंकरीचा, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. आणि तरी त्याच आठवड्यात बैठकीत बसून तुम्ही भुकटी कच्ची म्हणालात. माझ्या भावाला वाचवायला एक वाक्य पुरलं असतं. कळलं नव्हतं म्हणाल, तर झडप कुठून सुचली? कळलं होतं म्हणाल, तर बोलला का नाहीत? यातलं कुठलं उत्तर द्यायचं ते तुम्हीच ठरवा.”

नळीवाल्याने ओठ ओले केले. कोणी विचारलं नसतानाच तो बोलून गेला, की शिकवलं तुमच्या भावानेच, तोच गेला होता तिथे, फुंकायला लावलं असेल तर त्यानेच लावलं.

“माझा भाऊ त्या दिवशी तापाने फणफणला होता, माझ्या घरात. हे त्याने तुम्हाला कळवलंही होतं. त्याच्या नावाने जो गेला, तो चुकून चुकीचं शिकवणारा नव्हता. चुकणारा माणूस दुसऱ्याचं नाव सांगत नाही. एक श्वास त्या भुकटीला मारतो हे ज्याला पक्कं माहीत होतं, तोच गेला. तुमचे जाहिरातवाले आजही नळीत फुंकर मारून धूळ काढतात. डॉक्टरीणबाईंना फुंकरीने काय होतं ते माझ्याकडून कळलं. तुम्ही मात्र माझ्यासमोर नळी ओढलीत, तेव्हा तोंड बाजूला वळवलंत. ज्या नळीत झडप आहे, फुंकलं तरी काही होत नाही, तिच्यासाठीसुद्धा.”

मोठ्या सिस्टर उठल्या होत्या. त्या पायऱ्या चढून व्यासपीठावर गेल्या, आणि त्यांना कोणी अडवलं नाही. पर्समधून एक मास्क आणि टोपी काढून त्यांनी नळीवाल्यापुढे धरली. घाला, म्हणाल्या, आणि मास्क हनुवटीवर ओढा. तो हलला नाही.

“नको घालू दे,” सिस्टर म्हणाल्या. “इतक्या जवळून मास्क लागणारच नाही. दिवसभर पाहिलं आहे मी हे तोंड. याचं ऐकून मी माणसांवर ओरडत होते, फुंका म्हणून.”

मग मालक उठले आणि निघून गेले. गोडबोल्याने माईक खाली ठेवला. त्याच्याकडेही शब्द नव्हते, आणि हे बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. डॉक्टरीणबाई उठल्या. खाली रांगाच्या रांगा उठू लागल्या. कोणीही त्याच्याकडे पाहिलं नाही. तो त्या लांबलचक टेबलाशी एकटा बसून राहिला, आणि ताई शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत उभी राहून ते बघत होती. तिला बरं वाटत होतं. दया वगैरे काही वाटली नाही, आणि वाटली नाही याचं वाईटही वाटलं नाही.

६

घरी धाकटा भाजी चिरत होता. ताईने त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. पोलिसांनी नळीवाल्याला बोलावून घेतलं, वकील धावत आला, जामीन मिळेल असं म्हणतात, हेही सांगितलं. मालक तुला परत बोलावतील, खोक्यावर तुझं नाव येईल, ती म्हणाली. तो रडेल अशी तिची अपेक्षा होती. निदान हसेल. तो सुरी हातात धरून ऐकत राहिला.

“मी त्या घरी गेलो होतो,” तो म्हणाला.

“कुठल्या?”

“तिसऱ्या रुग्णालयात जी गेली, त्यांच्या. सगळ्यांच्या. तुला सांगितलं नव्हतं. मला काढून टाकल्यावर एकेक दार वाजवत गेलो. माझ्या भुकटीने तुमचं माणूस गेलं, असं सांगितलं. एकाने गचांडी धरली. एकाने दार तोंडावर आपटलं. ते परवडलं, ताई. एका बाईचा तरणा मुलगा गेला होता. तिने मला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत.” तो थांबला. “ते पाणी अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.”

इतकी वर्षं ताई त्याच्यासाठी सूड जपत होती, आणि तिला वाटत होतं की याच्यात राग म्हणून उरलेलाच नाही.

धाकट्याने सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. मग आत जाऊन तो बूट घेऊन आला आणि खुर्चीत बसून नाड्या बांधू लागला.

“कुठे निघालास?”

“त्याच्याकडे. त्याला त्या घरी घेऊन जायचंय. एकेका दारात तो सांगेल काय केलं ते, आणि मी शेजारी उभा राहीन. सगळी दारं होईपर्यंत.”

“माफ करायचंय का तुला त्याला?”

“छे,” धाकटा म्हणाला.

“त्याचा वकील त्याला उंबऱ्याबाहेर पडू देणार नाही.”

त्याने क्षणभर विचार केला. मग मान हलवली, जणू भुकटीत साखर किती घालायची एवढाच प्रश्न होता.

“मग ती घरं त्याच्या दारात आणू. सगळ्यांचे पत्ते पाठ आहेत मला.” तो उभा राहिला आणि दार उघडून तिची वाट पाहू लागला. “आधी त्या बाईकडे जाऊ. तिला सांगायचंय, की मुद्दाम केलं होतं.”

ताईने गाडीची किल्ली घेतली.